चौदा नंबरच्या टेबलावरची झुल्मा

नवऱ्याला, एद्गार्दोला, जाऊन अकरा महिने झाले होते आणि झुल्मा गार्रोच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाई खंबीर आहे. शेजारची चोला तर भाजीवाल्यासमोरसुद्धा सांगायची, "आमची झुल्मा म्हणजे दगड हो, नुसता दगड." झुल्माला त्याचं कौतुकही वाटत नसे आणि रागही येत नसे. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, बोटानं दाबला तरी दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं तिचं झालं होतं. फरक एवढाच, की गालाची सुई दोन तासांत उतरते.

ती सकाळी उठायची, माते नावाच्या कडू चहासाठी पाणी तापवायची, अंगण झाडायची. पानांपेक्षा वाऱ्यानं आणलेली धूळच जास्त निघायची. त्यांच्या सान लुइस गावचा वारा कुणाच्या घरी सुतक आहे हे काही बघत नाही. मुलगी नोएलिया लांब नेउकेनला होती, तिचा दर रविवारी फोन यायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवतेस ना?" "जेवते." दोघींनाही त्याची सवय झाली होती.

एप्रिलमध्ये एक दिवस ओरासियो बुस्तोस दारात आला. वीज कंपनीचे मीटर बघत फिरणारा, पन्नाशीचा, ढेरपोट्या, टोपी कायम हातात धरून बोलणारा माणूस.

"मीटर मागच्या आठवड्यातच बघितलास की," झुल्मा म्हणाली.

"मीटरसाठी नाही आलो, दोन्या झुल्मा," तो अदबीनं म्हणाला. "एक विचारायचं होतं. तुम्ही त्या कारखान्यात होतात ना? कॉम्प्युटरच्या लायनीवर?"

"कोण म्हणालं?"

"चोलाबाई."

"तिला बोलायला निमित्त लागत नाही."

ओरासियोनं मोबाइल पुढे केला. फोटोत एका जुन्या कमोडोर कॉम्प्युटरचं झाकण उघडून ठेवलं होतं. आतल्या पत्र्यावर हिरव्या रंगाच्या पेनानं काढलेली खूण होती, एक झेड आणि पुढे चौदा.

झुल्मानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "माझंच आहे," ती म्हणाली. आपलं धुतलेलं पोलकं दोरीवर ओळखावं तसं.

शहाऐंशी ते एकोणनव्वद ती त्या लायनीवर होती. गेली तेव्हा बावीस वर्षांची होती. पट्ट्यावरून ते तपकिरी डबे यायचे, चौदा नंबरच्या टेबलाशी ती प्लग लावायची, निळा पडदा उजळला की सहासष्ट बटणं डावीकडून उजवीकडे एका दमात दाबत जायची, मग प्लग काढून खूण करायची आणि डबा पुढे ढकलायची. दिवसाला दीडशे, कधी पावणेदोनशे. त्यावर एक शब्द लिहावा एवढा वेळ तिला कधी मिळाला नाही. पुढे लाइन बंद पडली. मग तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं चादरी धुतल्या. कारखान्याचे खोके वाहणाऱ्या ट्रकवर एद्गार्दो होता. लायनीनं तिला दिलं असं म्हणायचं तर तो एकच.

"आमचा एक क्लब आहे," ओरासियो सांगत होता. "दर शनिवारी, पाच वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. जुनी यंत्रं जिवंत करतो. सध्या हे इंटरनेटला जोडायचं चाललंय, तेही वायफायवर. तुम्ही याल?"

"मी येऊन काय करू?"

"बसा. आमच्यातल्या कुणीच ती बनताना बघितलेली नाहीत."

ती "बघू" म्हणाली आणि दार लावलं. गेलीही नसती, पण चोलानं कुंपणावरून सगळं ऐकलं होतं.

"जा की गं बाई! पाच-सहा पुरुष स्वतःहून बोलावतायत. माझ्या नशिबात मीटरवाला फक्त मीटर बघतो."

"म्हातारे आहेत सगळे."

"मग तू काय पंधरा वर्षांची आहेस? जा म्हणते ना. नाही गेलीस तर शनिवारी पाचला मी येऊन बसेन तुझ्याकडे, आणि माझ्या गुडघ्याचं सगळं सांगेन. पहिल्यापासून."

झुल्मा गेली.

खोलीत सहा माणसं, जुन्या टीव्हींचा ढीग आणि कागदावर चंद्रकोरी पावांचा डोंगर होता. मधल्या टेबलावर तिच्या खुणेचा डबा. ओरासियोनं काड्यापेटीएवढी एक सर्किटची पाटी दाखवली. ती यंत्राच्या मागच्या खाचेत बसते. जुन्या यंत्राला वायफाय म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याच्या काळी टेलिफोनच्या तारेवरून बोलायचे. म्हणून ही पाटी टेलिफोनचं सोंग घेते. यंत्र बिचारं नंबर फिरवल्याचा हुकूम देतं, पाटी तो घेते आणि चौकातल्या खांबावरच्या फुकट वायफायवरून हाक मारते.

"आणि पलीकडे कोण उचलतं?" झुल्मानं विचारलं.

"'आल्हिबे' म्हणून एक फलक आहे. आमच्यासारखेच लोक तिथे मजकूर लिहून ठेवतात. सगळ्या देशातून येतात, बाहेरूनही."

त्या शनिवारी मात्र कुणी उचलत नव्हतं. ओरासियो हुकूम टाइप करायचा आणि पडद्यावर कचरा यायचा, अर्धी अक्षरं, पत्त्यांतले बदाम, तुटक्या रेघा. एकानं पाटी बदलली. दुसरा म्हणाला प्रोग्रॅम चुकीचा आहे, तिसरा म्हणाला चुकीचा तूच आहेस. तासभर हेच चाललं. झुल्मा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला कंटाळाही येत नव्हता.

मग ती उठली. "खोडरबर आहे का कुणाकडे? शाळेतला, साधा."

सहाही जण थांबले. वाचनालयाच्या टेबलावरून रबर आणलं गेलं. झुल्मानं यंत्र बंद करायला लावलं, पाटी ओढून काढली आणि मागच्या खाचेतल्या तांबूस पट्ट्या रबरानं घासू लागली, वरून आणि खालून, एका दिशेनं. काळी भुकटी फुंकून टाकली. "आम्ही असंच करायचो. माल आठवडाभर गोदामात पडला तरी यांच्यावर साय धरायची. इथे तर किती वर्षं पडलाय."

पाटी बसवली, हुकूम दिला. पडदा क्षणभर गप्प राहिला आणि मग 'जोडले गेले' असा शब्द आला. त्यामागून एकेक अक्षर, एकेक अक्षर, कुणीतरी पलीकडे सावकाश लिहीत असावं तसं आल्हिबेचं स्वागताचं पान उमटू लागलं. माणसं ओरडली. ओरासियोनं तिचा हात धरून हलवला. एकानं डोळे पुसले. झुल्मा त्या टाळ्यांच्या मध्ये उभी होती आणि विचार करत होती, की येताना परसातली खिडकी लावली होती की नव्हती.

ओरासियोनं फलकावर लिहिलं, की चौदा नंबरच्या टेबलावरची झुल्मा आमच्यात बसली आहे. आपापली झाकणं उघडून बघा.

पुढच्या शनिवारी उत्तरं होती. तुकुमानहून एक, मोंतेविदेओहून एक, आसुन्सियोनहून दोन. सगळ्यांना हिरवा झेड सापडला होता. कुणी लिहिलं, या यंत्रावर मी वाचायला शिकलो. कुणी लिहिलं, देव तुमच्या हातांचं भलं करो. ओरासियो मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि ती मान हलवत होती. तिला ते सगळं दुसऱ्याच कुणा बाईला आलेल्या पत्रांसारखं वाटत होतं. तरी ती जात राहिली. तिथे कुणी तब्येत विचारत नव्हतं, आणि एका वेळी एकच अक्षर येत होतं. तेवढं तिला झेपत होतं.

जूनमध्ये एक निराळा मजकूर आला.

"नमकार. माझ्या यंत्रातही हीच खूण आहे. त्या बाईंना कळवा, की यातलं एक बटण पहिल्याच दिवशी मेलेलं निघालं. आनेल्मो, गोया."

"हा आन्सेल्मो," ओरासियो हसत म्हणाला. "तिकडे कोर्रिएन्तेसमध्ये, नदीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचं 'स' चालतच नाही. स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही बिचाऱ्याला. आम्ही सगळे त्याला आनेल्मोच म्हणतो."

झुल्मा हसली नाही. "मला लिहू दे," ती म्हणाली.

ती यंत्रासमोर बसली. सहासष्ट बटणं तिच्या बोटांना अजून पाठ होती, पण एकापाठोपाठ. शब्द लिहायचा तर अक्षर शोधावं लागत होतं. तिनं लिहिलं, खुणेखाली तारखेचा छोटा शिक्का असतो. काय आहे?

पलीकडे तो त्याच वेळी हजर होता. उत्तर यायला पाच मिनिटं लागली, झाकण उघडायला लागतात तेवढी.

"२३ - ८ - ८८."

झुल्मा त्या आकड्यांकडे बघत राहिली. मंगळवार होता तो.

आन्सेल्मो पुढे लिहीत होता. लिहिलेलं टेपवर ठेवायचा हुकूमच त्या मेलेल्या अक्षरानं सुरू होतो. त्यामुळे त्याला कधी काही ठेवताच आलं नाही. "शाळेतून आलो की रोज नव्यानं लिहायचो. जेवायच्या वेळी बाबा वीज बंद करायचे, की पाटी कोरी. दोन वर्षं हेच."

"दुकानात नाही नेलं?" तिनं विचारलं.

"दुकान दूर. आणि बाबा म्हणाले, बटणाला हात लावायचा नाही. अजून नाही लावला."

त्या दिवशी झुल्मा पर्स उचलून घरी गेली. आठवडाभर तिनं अंगण झाडलं, चोलाचे गुडघे ऐकले, रविवारी नोएलियाला बरी आहे म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि ओरासियोला म्हणाली, "लावून दे."

त्यानं जोडून दिलं आणि पाव आणायच्या निमित्तानं बाहेर गेला; पण परत आला तेव्हा ती अजून लिहीतच होती आणि पडदा त्याच्या समोर होता. त्यानं न वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तिनं लिहिलं होतं: 'अठरा ऑगस्टला, गुरुवारी, माझं मूल गेलं. पाचवा महिना होता. सोमवारी मी कामावर आले. सुट्टी मिळाली असती, मीच मागितली नाही. त्या आठवड्यात मी प्लग लावायची, पडदा निळा झाला की खूण करायची आणि पुढे ढकलायची. बटणं दाबली नाहीत. एकही नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमचं यंत्र त्यातलं आहे. चूक माझी आहे.'

तिनं शेवटचं बटण दाबलं. मजकूर गेला. तिला वाटलं होतं, लिहिल्यावर काहीतरी होईल. छातीत, घशात, कुठेतरी. काही झालं नाही. ओरासियोनं तिच्यासमोर पाव ठेवला आणि तिनं तो खाल्ला.

पुढच्या शनिवारी आन्सेल्मोचं उत्तर नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. चोलानं विचारलं, "तुझा तो गोयाचा यार काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत."

"पुरुष!" चोला म्हणाली आणि विषय संपला.

तिसऱ्या शनिवारी उत्तर होतं. ओरासियोनं ते मोठ्यानं वाचलं नाही. खुर्ची ओढून तिला बसायला दिली.

"बाबा म्हणाले होते, तूच बिघडवलं. मी नाही म्हणालो, मार खाल्ला. पुढे मलाही वाटायला लागलं, की आपणच काहीतरी केलं. आजवर तेच धरून चाललो. बाबा वारले, चार वर्षं झाली. त्यांना हे कळायला हवं होतं. मला कळलं, तेही बरं झालं. आता ते बटण उघडायला शिकवा."

त्यात माफीबिफीचं काही नव्हतं. झुल्माला ते बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायची जागा जिथे असते तिथे काहीतरी हललं, एवढंच. तिनं बाह्या वर केल्या आणि लिहायला घेतलं.

आधी झाकण. मग बटणांची पट्टी सोडवायची. एका बटणाच्या दोन तारा कथलाच्या डागानं जोडलेल्या असतात, त्या आधी सोडवा, ओढू नका. मग मागे वीस-बावीस बारके स्क्रू, ते बशीत ठेवा. पाटी उचलली की प्रत्येक बटणाच्या बुडाशी काळं रबर दिसेल. तुमच्या बटणाचं चकाकत असेल, नाहीतर त्यावर धूळ बसली असेल. स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, मग त्यावर मऊ पेन्सिल घासा. हलक्या हातानं. यंत्र उघडं असल्यानं तो मध्येच मोबाइलवरून फलकावर विचारत होता, ती सांगत होती. एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला म्हणून तो दहा मिनिटं गायब झाला. खोलीतली सहाही माणसं आपापली कामं टाकून तिच्या खुर्चीमागे उभी होती. बाहेर अंधारून आलं, वाचनालयाच्या बाई किल्ल्या वाजवत दारात आल्या आणि त्याही तिथेच उभ्या राहिल्या.

मग पडद्यावर आलं:

"ससससससससस"

आणि थोड्या वेळानं: "दोन्या झुल्मा, सगळं सुरळीत. आता सांगा, मुलगा होता की मुलगी?"

मागची माणसं पांगली. वाचनालयाच्या बाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

'मुलगी,' झुल्मानं लिहिलं. 'नाव ठेवलं नव्हतं.'

"बरं," त्यानं लिहिलं. "मी इंजिनांनाही नावं देत नाही. तरी आठवतात." आणि सही केली, आनेल्मो. आता पूर्ण नाव लिहिता येत होतं, पण सगळे याच नावानं ओळखतात म्हणून त्यानं तेच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराला नोएलियाचा फोन आला. झुल्मा ओट्याशी लाल भोपळा सोलत होती.

"कशी आहेस?"

"बरी आहे." आणि मग, सालीची लांब पट्टी हातात तशीच धरून, "नोएलिया, तुझ्याआधी एक मुलगी होती. पाचव्या महिन्यात गेली. तुला कधी सांगितलं नाही."

नोएलिया हळूच म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

"कसं?"

"बाबांनी सांगितलं होतं. माझा नाहुएल झाला तेव्हा, इस्पितळाबाहेर बाकावर बसलो होतो आम्ही. म्हणाले, तुझ्या आईला कळू देऊ नकोस मी बोललो ते."

झुल्मा स्टुलावर बसली. एद्गार्दोनं तो विषय तिच्यापाशी उभ्या जन्मात एकदाही काढला नव्हता. तिनं धरलं होतं, की तो विसरला. पुरुष विसरतात.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तू चौथ्या दिवशी कामावर गेलीस. त्यांना तुला थांबवायचं होतं, पण शब्द सुचेनात. मग त्यांनी मुकादमाला सांगितलं ट्रकचा क्लच गेलाय, आणि आठवडाभर, तू आत गेलीस की, फाटकाबाहेर ट्रक लावून बसले. तुला मध्येच घरी यावंसं वाटलं तर चालत जायला लागू नये म्हणून."

"तो मेंडोसाला गेला होता. माल घेऊन. पाच दिवस नव्हता."

"नाही गेले, आई. तुला नुसतं तसं सांगितलं होतं. म्हणाले, क्लच चांगला होता. मी खोटं बोललो. संध्याकाळी भोंगा वाजायच्या आधी गाडी काढून भावाकडे झोपायला जायचे, म्हणजे तुला वाटू नये की पहारा ठेवलाय."

परसातल्या खिडकीवर वाऱ्यानं धूळ आपटत होती. झुल्मानं हातातली भोपळ्याची पट्टी ओट्यावर ठेवली आणि बोटं पदराला पुसावीत तशी एप्रनला पुसली, मग पुन्हा पुसली. तिच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळून एप्रनवर पडलं. तिनं ते नवल वाटल्यासारखं बघितलं.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोल. अजून काय म्हणाला तो?"